आत्याचे डोळे आणि आजचं बारसं

मंडळी, आज भिवंडीत माझ्या नातीचं, मुलाच्या मुलीचं बारसं झालं. थायरॉईडमुळे माझ्या लेकीचे डोळे पुढे आलेत. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हिला पाळण्याजवळ नको, पोरीला नजर लागंल." अहो, ती बाळाची सख्खी आत्या!

सत्तरच्या दशकात अंजूरला माझ्या बारशाला माझ्या आत्यालाही असंच बाहेर ओटीवर बसवलं होतं, आई सांगायची. तिलाही थायरॉईडच होतं; औषधाने तिच्या गळ्याची सूज उतरली, पण पुढे आलेले डोळे कोणी तपासलेच नाहीत.

लेकीचे थायरॉईडसोबत डोळ्यांचेही उपचार चालू आहेत. फरक पडतोय.

मी तिला हात धरून पाळण्याशी नेलं. तिने बाळाच्या कानात नाव सांगितलं, यमुना. माझ्या आत्याचं.

तुमच्याकडे अजून कोण बसलंय ओटीवर?