गाडी बघायला गेलो आम्ही पाच पुरुष

राग येतो तो सगळ्यात आधी माझाच. मग मेव्हण्याचा, मग त्या शोरूममधल्या टायवाल्याचा.

गाडी घ्यायची होती आईसाठी. आम्ही रोह्याजवळ वरसे गावात, आणि तिची थोरली बहीण पेणला अंथरुणाला खिळलेली. एसटीची पायरी आईच्या गुडघ्यांना झेपत नव्हती. भाड्याच्या गाडीनं जाऊ म्हटलं की म्हणायची, "कशाला? आपली येतेय ना आता."

आमच्याकडे गाडी बघायला पुरुषांनी जायचं, बायकांनी घरी ओवाळणीचं ताट करायचं. कुठल्या शहाण्यानं ही रीत पाडली देव जाणे. आई म्हणाली, "मी पण येते रे, जरा बसून बघते." मी म्हणालो, "तुला काय कळतंय गो त्यातलं?" जीभ झडायला हवी होती माझी.

पाच जण गेलो. मेव्हण्याचं एकच तुणतुणं, हायवेला खड्डे हायत, उंचच गाडी पायजे. भावानं मायलेज विचारलं, काकांनी डिकी उघडून बघितली, जावई स्क्रीनवर बोटं फिरवत बसला, मी रंगावर अडलो. टायवाला सगळ्यांना "बरोबर सर" म्हणत होता. गाडीत बसणार कोण, हे त्यानं विचारलं नाही, आणि आम्हालाही सुचलं नाही. ट्रायलसुद्धा मी एकट्यानं घेतली, शेजारच्या अष्टमी गावच्या पुलावरून, काच खाली करून. लोकांनी बघावं म्हणून, दुसरं काय!

दसऱ्याला गाडी दारात आली. आईनं ओवाळलं, चाकाखाली लिंबं ठेवली. बहिणीसाठी नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन ती दाराशी आली आणि पाय उचलला. पाय काय तेवढा वर जाईना. प्लॅस्टिकचं स्टूल आणलं, ते हललं. मग मेव्हणा एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, तिला काखेत हात घालून वर ढकलायला लागलो. मेव्हणा वर म्हणतोय, "जरा जोर लावा हो." अख्खी आळी बघत होती. आईच्या डोळ्यांत वेदनेनं पाणी आलं.

"सोडा मला," ती म्हणाली. साडी नीट केली, डबा माझ्या हातात दिला. "मुहूर्त मोडू नका. तुम्ही जाऊन या."

तेव्हा तरी मी गाडी तिथंच उभी करून भाड्याची बोलवायला हवी होती. पण नव्या गाडीचा मुहूर्त ना! गेलो. मी, भाऊ आणि मेव्हणा, तिघंच, पेणपर्यंत.

मावशीनं डबा उशाशी ठेवला. मग दाराकडे बघत राहिली.

"ती मागून येतेय ना?"

सात सीटांच्या गाडीतून आम्ही तिघं उतरलो होतो. मी सांगितलं, जागा नव्हती.