जवळची मोकळी गाडी

रुग्णवाहिकांच्या कचेरीत डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईला सगळे हळूबाई म्हणत. काम वेग वाढवण्याचं, पण हात लावण्याआधी दहादा विचार! मग दुसरं काय म्हणणार?

डेटाबेसच्या पोटात एक फंक्शन होतं. भाग सांगितला की जवळची मोकळी गाडी सांगायचं आणि चालकाला निरोप धाडायचं. पण दरवेळी सगळ्या गाड्यांच्या जुन्या फेऱ्या पहिल्यापासून चाळत बसायचं.

वरच्या मजल्यावर फोन घेणाऱ्या मावशी कावलेल्या. "अगं, उत्तर येईस्तोवर आजारी माणूस बरा होऊन चालत येईल!"

त्यात साहेबांचा तगादा. "आज पाहुणे येताहेत. पळालं पाहिजे!"

हळूबाईने आडवाट धरली. फंक्शनला बजावलं: तोच प्रश्न पुन्हा आला तर शोधू नकोस, मागचंच उत्तर दे. तपासताना एकच भाग पुन्हा पुन्हा विचारला. काय पळालं म्हणता! पापणी लवायच्या आत उत्तर. साहेबांनी लगेच चालू करायला लावलं.

दुपारी डबा उघडला आणि एकदम मनात आलं. एवढ्या झटपट बोलणारा प्रश्न ऐकतो तरी का? गाडी निघून गेली तरी फंक्शन तिलाच मोकळी म्हणणार!

धडपडत ती वर गेली. "मावशी, एकाच भागातून दोन फोन आलेत का?"

"आलेत की, बाजारातून. आधी पाय मोडलेली बाई, आता छातीत कळ आलेला शिंपी. दोघांनाही चार नंबर..." मावशी पांढऱ्याफटक पडल्या. "अगं बाई! चार नंबर तर त्या बाईला घेऊन पुलापलीकडे गेलीय."

मावशींनी वायरलेसवर सात नंबरला हाक मारली. शेजारच्या खुर्चीत हळूबाई आपलं बजावणं पुसायला बसली, पण घाईत पासवर्ड चुकत होता.

"अगं, पाहुणे जिन्यात आलेत!" साहेब कुजबुजले.

"येऊ देत. फंक्शन हळू चालेल, पण खरं सांगेल."

फोनवर शिंप्याची बायको पुन्हा पुन्हा विचारत होती, "निघालीय ना हो गाडी?"

"निघालीय गं. दार उघडं ठेव," मावशी म्हणाल्या.

मग नुसती वायरलेसची खरखर. शेवटी सात नंबरचा चालक बोलला, "घेतला. श्वास चालू आहे."

हळूबाईने पासवर्ड पुन्हा टाकला आणि बजावणं पुसून टाकलं.

पुढे तिने फंक्शनला जुन्या फेऱ्या सोडून गाडीची आताची स्थितीच पाहायला शिकवलं, त्या स्थितीला इंडेक्स, म्हणजे चटकन शोधायची सूची, लावला. वेग आला, उत्तरही खरं येऊ लागलं. तरी बाई प्रत्येक उत्तरासरशी खिडकीशी जाऊन बघायची, गाडी खाली आवारात खरोखर उभी आहे ना.