सगळ्यात आधी पळतो तो

माणसांवर इतकं कमी आणि काळविटांवर इतकं जास्त प्रेम करणारा दुसरा जीव नाशिक जिल्ह्यात असेलच, तर तो नक्की चार पायांचा असणार. दोन पायांचे एकटे माझ्या बायकोचे मामा. राहतात गंगापूर रोडला, जीव मात्र येवल्याच्या पुढच्या राखीव रानात. रविवारी पहिल्या एसटीने तिकडे जायचं म्हणून शुक्रवारपासून अंगाला साबण बंद. "चार कोसांवरून वास कळतो त्यांना!" असं मामांनी सांगितलं की मामी म्हणतात, "त्यांचं मला ठाऊक नाही, मला मात्र तुमचा कळतो." एकदा मामींना पैठणी घ्यायला येवल्याला गेलो, तर या गृहस्थांनी चाळीसेक पदर उलगडायला लावले. का? तर "मोर पुरे झाले हो, एखादं काळवीट दाखवा!" दुकानदार अजून मला पाहिलं की शटर अर्धं ओढतो.

पण त्या रानात सकाळी त्यांच्याशेजारी बसावं. गवतावर धुकं असतं, धुक्यातून आधी नुसती पिळाची शिंगं तरंगत येतात. मग एखादं उडी मारतं आणि इतका वेळ वर राहतं की तेवढ्यात माझा चहा पिऊन होतो.

गेल्या उन्हाळ्यात गवत करपलं आणि मामांचं काळीज पाघळलं. पिशवी भरून हिरवा घास न्यायला लागले. एक तांबूस, कोवळ्या शिंगांचं पोर चक्क हातातून खायला लागलं. मामा आठवडाभर जमिनीला पाय न लावता चालत होते. एके दिवशी तिथल्या वनरक्षक मुलीने गाठलंच.

"काका, लय वाईट केलं तुमी. आता ते मानूस दिसला की रस्त्यावर येतंय. लोक गाडीतून बिस्किटं दावत्यात. तिथं कुत्री टपून हायेत. एक दिस मरंल ते."

मामांचा चेहरा उतरला. "मग काय करू, बाई?"

"त्याचं मानसाचं भ्या मोडलंय तुमी. तुमीच घाला परत."

त्यानंतरचे चार रविवार मी बरोबर होतो. मामा ढेकळं फेकायचे, "चल हट!" ओरडायचे आणि नेम मुद्दाम चुकवायचे. त्या पोराला वाटलं, खेळच आहे. तिसऱ्या रविवारी तर ते ढेकूळ हुंगून खायला मिळतंय का बघत होतं. चौथ्या रविवारी मामांनी डोळे मिटले आणि नेम धरला. ढेकूळ बरगडीवर फुटलं. ते थबकलं, मामांकडे पाहिलं, आणि जे सुटलं ते थेट कळपात.

"पळालं! जावईबापू, मला बघून पळालं!" मामा नाचले. मग बांधावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

आता लांबूनच बघतो. ते पोर एव्हाना काळं झालं असेल. कळपातल्या इतक्या काळ्या नरांत ते कोणतं, मला काही ओळखता येत नाही. मामांना येतं. आमची चाहूल लागून सगळ्या माना वर झाल्या की ते श्वास रोखतात.

"सगळ्यात आधी पळेल ना," ते हळूच सांगतात, "तो माझा."