उंब्रजच्या तंबूत न पोहोचलेले शेवटचे रीळ

उंब्रजच्या तंबू टॉकीजचा तो हंगामातला शेवटचा दिवस होता. जून उजाडला होता, पण पाऊस लांबल्यामुळे तंबू अजून उभा होता... काळ सत्तरच्या दशकाचा. मी नुकताच एस.एस.सी. उत्तीर्ण झालो होतो.

शेजारचे आबा मला चित्रपटाला घेऊन गेले. आबा म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार. मूलबाळ नव्हते, पत्नी वारली तेव्हा ते सीमेवर होते. माझे वडील मी लहान असतानाच गेले. त्यामुळे कृष्णेत पोहायला, सायकल चालवायला आणि पुढे गालावर पहिला वस्तरा फिरवायलाही मला आबांनीच शिकवले.

संध्याकाळचे जेवण मी त्यांच्याकडेच करीत असे. मी समोर नसलो, तर ते भाकरी न खाता तशीच झाकून ठेवतात, हे मला ठाऊक होते... सांगलीच्या महाविद्यालयात मला प्रवेश मिळत होता. मी मात्र जायचे नाही, असे ठरवले होते आणि आबांना तसे सांगितलेही होते.

चित्रपट होता एका पोरक्या मुलाचा आणि त्याला वाढवणाऱ्या वृद्ध मूर्तिकाराचा. म्हातारा त्याला माती मळायला शिकवतो, रागावर ताबा ठेवायला शिकवतो. मुलाला शहरातून बोलावणे येते. स्टेशनावर गाडी उभी आहे, मुलाचा एक पाय पायरीवर आहे... आणि पडदा पांढरा झाला.

त्या काळी एकच प्रत दोन गावांत चाले. तिकडे रीळ संपले, की सायकलस्वार ते इकडे आणी. त्या दिवशी शेवटचे रीळ आलेच नाही. बराच वेळ वाट पाहून लोक खवळले.

“आवं मालक, पोरगं गाडीत चढलं का न्हाई, तेवढं तरी सांगा!”

“मला काय ठावं? मी कवा बघतोय पिक्चर? मी तिकिटं फाडतोय!”

लोक हसत, शिव्या देत पांगले. दुसऱ्या दिवशी तंबू हलणार होता, म्हणजे शेवट कळण्याचा मार्गच उरला नव्हता. घराकडे चालताना आबा सहज म्हणाले, “म्या बघितलाय ह्यो पिक्चर. फौजेत दावला हुता.”

“मग काय हुतं, आबा?”

“चढतंय की. मागं वळून बी बघत न्हाई. म्हातारा घरला येतोय, चूल पेटवतोय, दोन भाकरी खातोय, झ्याक झोपतोय. संपला पिक्चर.”

“रडत न्हाई?”

“रडायचं काय रं त्यात? काम फत्ते झालं न्हवं त्याचं!”

मी त्या रात्री खूप विचार केला. आबांचे माझ्यावाचून अडेल, ही आपलीच एक समजूत असावी, असे मला वाटू लागले... आठवड्याभराने मी सांगलीच्या गाडीत बसलो.

माधवनगरला खोली मिळाली. पहाटे गिरणीचा भोंगा होई आणि रस्ता माणसांनी भरून जाई. त्यांतले कोणीही माझ्या ओळखीचे नसे. खोलीतली मुले मला ‘ए उंब्रज’ म्हणत. कित्येक दिवस माझे नाव कोणाच्याही तोंडून ऐकले नाही... रविवारी संध्याकाळी खाणावळ बंद असे. तेव्हा शेंगदाणे खात मी स्वतःला बजावत असे, की तिकडे आबा दोन भाकऱ्या खाऊन स्वस्थ झोपले असतील.

दिवाळीपूर्वी तोच चित्रपट सांगलीत लागला. शेवट पाहायला म्हणून मी एकटाच गेलो. मुलगा गाडीत चढला, गाडी सुटली... आणि पुढच्याच क्षणी त्याने उडी मारली! तो धावत परत आला, म्हाताऱ्याने त्याला मिठी मारली आणि सगळे चित्रपटगृह टाळ्या वाजवू लागले.

मी मात्र खुर्चीला खिळलो होतो. आबांनी सांगितलेला शेवट त्या चित्रपटात कोठेच नव्हता.

दिवाळीला घरी गेलो, तो तडक आबांकडे. ते वाळले होते. चूल थंड होती. “आबा, तुमी त्यो पिक्चर बघितलाच न्हवता.”

“न्हवता बघितला,” ते शांतपणे म्हणाले. “पर तू गेलास न्हवं?”

मग माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले, “खरं काय हुतंय रं शेवटाला?”

“पोरगं परत येतंय. म्हातारा त्याला मिठी मारतोय.”

आबांनी चुलीतली राख काटकीने सारखी केली. मग म्हणाले, “आसं व्हय... बरं वाटत आसंल बघाया.”

मी म्हणालो, “चला सांगलीला, दावतो तुमास्नी.” ते म्हणाले, “नगं. तू आब्यास कर.”

माझे शिक्षण पुरे होण्याआधीच आबा गेले. तो चित्रपट त्यांनी पाहिला नाही.

आज मी सत्तरी ओलांडली आहे. मुले दूर आहेत, सुखात आहेत. फोनवर ती विचारतात, “बाबा, एकटे वाटते का?” आणि मी ठामपणे “नाही” म्हणतो... ते म्हणताना किती बळ लागते, हे आता मला कळते. आबांजवळ ते बळ मला जाऊ देण्याइतके होते, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.