कॅमेऱ्याचं प्रकरण

"साहेब, इथूनच परत फिरावं लागेल," मी म्हणालो.

डीएफओ साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. डीएफओ म्हणजे सगळ्या विभागाचे वनअधिकारी. मी त्यांच्या हाताखालचा रेंजर. एक्काहत्तरचा पावसाळा होता आणि आम्ही भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, राखीव जंगलात होतो. साहेबांची धाकटी बहीण मालतीबाई आणि तिचे यजमान मुंबईहून धबधबे पाहायला आले होते. पावसाळ्यात असे पाहुणे येतच. त्यांना हिंडवणं हे रेंजरचं कुठेही न लिहिलेलं काम. मी मात्र तो आठवडा लाकूडचोरांच्या मागे जागून काढला होता. जीपमधून उतरतानाच पाय ओढत होते.

सकाळी ओढा ओलांडला तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं, तळचे गोटे दिसत होते. पलीकडचा पहिला धबधबा पाहून झाला. काठावरच डबे उघडले. दुसऱ्या धबधब्याला अजून मोठी चढण होती. जेवून हात धुवायला खाली गेलो, तर पाणी लालसर झालेलं, पालापाचोळा वाहत होता.

खाली नुसती भुरभुर असली तरी वर डोंगरावर पाऊस कोसळत असतो. मग ओढ्याला आधी गढूळ पाणी येतं. मागून लोंढा येतोच असं नाही. पण आला तर रात्र याच काठावर काढावी लागते, आणि कुणी घाई करून मध्ये उतरलं तर तो सापडत नाही.

"वर लई झोडपतोय," आमचा गार्ड सखाराम हळूच म्हणाला.

साहेबांना मी हे सगळं सांगितलं. ते चिडले. त्यांची सगळी नोकरी जंगलात गेली होती, ओढा काय असतो हे माझ्याकडून शिकायची त्यांना गरज नव्हती. मी इतका दमलो होतो की भीडसुद्धा उरली नव्हती.

"मग आपण वर जा, साहेब. सखाराम बरोबर येईल. पाहुण्यांना मी ओढ्यापलीकडे परत नेतो."

मालतीबाईंनी पदर खोचला.

"दादा, मी रेंजरसाहेबांबरोबर जाते. एक धबधबा पाहिला, पुरे झाला."

मग साहेबही निघाले.

तोवर पाणी मांडीपर्यंत आलं होतं. सखाराम दोर घेऊन पुढे गेला, पलीकडच्या जांभळीला बांधून आला. मालतीबाई दोन्ही हातांनी दोर धरून नीट गेल्या. यजमानांनी मात्र एका हातात कॅमेरा उंच धरलेला. तो गळ्यात घाला म्हणून मी ओरडलो, पण पाण्याच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. मध्यावर पाय सटकला. सखारामने त्यांची कॉलर पकडली. कॅमेरा गेला. जर्मन होता. साहेब शेवटी आले, कुणाकडेही न बघता.

सखारामच्या झोपडीत चहा होईपर्यंत पाऊस थांबला. ऊन पडलं. साहेब बाहेर जाऊन ओढा पाहून आले.

"उतरलं पाणी," एवढंच म्हणाले.

रेस्ट हाउसवर मालतीबाई मुद्दाम व्हरांड्यात आल्या. म्हणाल्या, "सकाळी ओढा ओलांडला तेव्हापासूनच मला भीती वाटत होती. दादासमोर बोलवेना. तुम्ही बोललात, बरं झालं."

ऑफिसात मात्र हे 'कॅमेऱ्याचं प्रकरण' म्हणूनच गाजलं. रेंजरने उगीच घाबरवून पाहुण्यांना पाण्यात घातलं आणि किमती वस्तू घालवली, असं. दिवाळीच्या आधी माझी बदली मिरजगावकडे झाली. तिकडे धबधबा नाही. पुढच्या वर्षी तर ओढ्यांनाही पाणी नव्हतं.

त्या दिवशी लोंढा आला असता का, हे मला आजही सांगता येत नाही. नोकरीत एवढं मात्र कळलं: झालेल्या अपघाताची चौकशी होते. टाळणाऱ्याची बदली होते.