हळदीतला बापूस
आज लॅपटॉपला मोठी हार्ड डिस्क बसवताना जुनी डिस्क हातात आली, अजून गरम, आणि तिच्या धुळकट, तापल्या वासासरशी नवीन पनवेलमधला तो फोटो स्टुडिओ आठवला. मी पासपोर्ट फोटोसाठी थांबलो होतो. जवळच्या गव्हाण गावचा एक तरुण आला. त्याचे वडील नुकतेच वारले होते आणि बहिणीच्या हळदीत नाचताना याच स्टुडिओवाल्याने काढलेला त्यांचा फोटो त्याला फ्रेम करून हवा होता. स्टुडिओवाल्याने आदल्याच दिवशी मोठी डिस्क बसवून नवं विंडोज टाकलं होतं. त्याने ‘हळद’ नावाच्या फोल्डरवर क्लिक केलं, काहीच उघडेना. त्या शहाण्याने फोटोंऐवजी डेस्कटॉपवरचे नुसते शॉर्टकट कॉपी करून जुनी डिस्क फॉरमॅट केली होती. “माझा बापूस कुठं हाय?” असं ओरडत त्या तरुणाने त्याची मान धरली आणि तोंड काउंटरवर आपटलं. काचेवर रक्त उडालं. स्टुडिओवाल्याने जुनी डिस्क पुढे केली. “यातच होते हो, दादा. पुसले गेले.” तरुणाने फ्रेमा ठोकायची हातोडी उचलली आणि त्या डिस्कचा चेंदामेंदा होईपर्यंत घाव घातले. फॉरमॅट केलेल्या डिस्कमधूनही फोटो परत काढता येतात, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. पहिला घाव पडला तेव्हा त्याचा बापूस आत नाचतच होता.