पाचव्या प्रकरणाची लढाई

कॉलेजात त्यांना सगळे लढाईबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठ वळली की लढाईबाई. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नसे. एकदा शिपायाने फोनवर कुणाला तरी "लढाईबाई वर्गावर आहेत" असं सांगितलं, तर या दारातूनच म्हणाल्या, "वर्गावर नव्हे हो, मोहिमेवर आहेत म्हणा."

अंगाने किरकोळ, उंची बेताची, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत दोन हजार वर्षांपूर्वीची कापाकापी. प्राचीन काळातलं युद्ध हा त्यांचा विषय. पण कोणता राजा जिंकला नि कोणता पळाला यात त्यांना फारसा रस नव्हता. सैनिकाच्या पायात काय होतं, पाण्याची पखाल कोण उचलायचं, ढाल धरून धरून हाताला कुठे घट्टे पडायचे, असल्या गोष्टींत त्यांचा जीव. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "प्रोफेसरीण सून मिळाली म्हणून हरखले होते, ही निघाली खाटकाच्या वरताण." आणि पाहुणा गेला की हळूच विचारायच्या, "काय गं, कालच्या त्या वेढ्यातल्या लोकांचं पुढं काय झालं? सुटले का मेले?"

अकरा वर्षं खपून बाईंनी एक ग्रंथ लिहिला होता. सात प्रकरणांचा. सगळा डोलारा उभा होता तो एका कारकुनावर. हा कारकून एका जुन्या सैन्याबरोबर धान्याचा हिशेब ठेवत फिरला होता आणि जाता जाता त्याने मोहिमेची हकिगतही लिहून ठेवली होती. बाईंचा त्याच्यावर विश्वास. घरात त्याचा उल्लेख "आमचा कारकून" असाच व्हायचा, जणू दुपारी जेवायला येणार आहे.

ग्रंथ विद्यापीठाने छापायचा की नाही, हे ठरवायला तो गेला थोरल्या सरांकडे. थोरले सर म्हणजे बाईंचे गुरू. वय सत्तरीच्या पुढे, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्यांनी सात प्रकरणं वाचली, सहांवर शाबासकी लिहिली आणि पाचव्यावर तांबड्या पेन्सिलीने इकडून तिकडे एक रेघ मारली.

बाई तडक त्यांच्या घरी.

"हे बघ," सर म्हणाले, "तुझा कारकून काय लिहितो? सैन्य खिंडीत शिरलं. खिंड सात पावलं रुंद. सहा सहाच्या सहा रांगा, प्रत्येकाच्या हातात बारा हात लांब भाला. शत्रू मागून आला, आणि तो शंभर पावलं धावत येईपर्यंत हे सगळे उलटे फिरून त्याच्यासमोर भाले रोखून उभे. बरोबर?"

"बरोबर."

"भाला आडवा फिरवला तर कड्याला लागतो. उभा करावा तर वर दोन्ही कडे छपरासारखे पुढे आलेले, हेही तोच लिहितो. मग भाला फिरवला कुठून? खिशातून?"

"त्यांना खिसे नव्हते, सर."

"थट्टा पुरे. मी करून पाहिलंय."

पाहिलं होतं खरं. बावीस वर्षांपूर्वी सरांनी छात्रसेनेची मुलं मैदानावर उभी केली, दोन्हीकडे दोऱ्या बांधून खिंड आखली, डोक्यावर जाळी ताणली, हातात काठ्या दिल्या आणि "पीछे मुड" केलं. काठ्यांचा असा काही गुंता झाला की सोडवायला माळी बोलवावा लागला. एकाचे दोन दात पडले. ते दात सरांच्या ग्रंथात तळटीप होऊन बसले आणि तेव्हापासून प्रत्येक अभ्यासक ती तळटीप दाखवून सांगू लागला की ही हकिगत थापाड्याची आहे.

"पाचवं काढ," सर म्हणाले, "उद्या सही करतो."

"पाचव्यात तो खोटा ठरला तर बाकीच्या सहांत खरा कसा, सर?"

सरांनाही ते कळत होतं. पाचवं गेलं की ग्रंथ गेला, आणि ग्रंथाबरोबर अकरा वर्षं.

"करून दाखवलं तर?" बाईंनी विचारलं.

"तर मी टोपी काढीन. पण दाखवशील कसं?"

ते काही बाईंना माहीत नव्हतं. त्यांच्याकडे एकच धागा होता. वस्तुसंग्रहालयाच्या कपाटात त्या काळच्या भाल्यांच्या बुडाला बसवलेली काशाची टोकं होती, एकशे तेरा. भाला जमिनीत रोवायला ती असत, असं सगळे म्हणत. पण बाईंनी एकेक हातात घेऊन पाहिलं होतं, त्यातली चाळीसेक एका अंगाला वाकलेली होती. मातीत रोवून टोक बोथट होतं, असं वाकत नाही. कशावर तरी जोरात आदळलं तरच वाकतं. बुडाने कोण कशाला मारेल, इथे येऊन गाडं अडलं होतं.

त्या दिवसांत कॉलेजच्या ग्रंथालयाची डागडुजी चालू होती. बाहेर परांची बांधायचं काम जोरात. एक दिवस बाई तळघरातल्या बोळातून पुस्तकांची चळत घेऊन चालल्या होत्या, तर पुढे एक म्हातारे गृहस्थ, कानावर पेन्सिल, हातात हा एवढा लांबलचक बांबू. परांचीवाल्यांचे मुकादम. चुकून या बोळात शिरले होते आणि पुढचं दार होतं कुलूपबंद.

"बाई, हलू नका, तिथंच थांबा," मुकादम मान न वळवता म्हणाले.

बाईंना वाटलं, आता यांची चांगलीच पंचाईत. बोळ अरुंद, छत ठेंगणं. मुकादमांनी बांबू एका कपाटाच्या कडेवर टेकवला, खाली वाकून त्याच्या पलीकडे गेले, तोंड इकडे केलं, बांबू पुन्हा काखेत घेतला आणि सरळ चालत बाईंच्या बाजूने निघूनसुद्धा गेले.

बाईंच्या हातातली पुस्तकं धाडदिशी खाली.

"पुन्हा करा!"

"काय करू?"

"आत्ता केलंत ते."

"काय केलं मी? वाट चुकलो, परत निघालो."

"बांबू नाही फिरवलात तुम्ही!"

मुकादमांनी बाईंकडे जरा काळजीने पाहिलं. "बांबू कशाला फिरवायचा, बाई? त्याला दोन्हीकडं टोकच आहे. फिरायचं ते माणसानं."

बाई तिथेच पुस्तकांच्या ढिगावर बसल्या. वाकलेली चाळीस टोकं त्यांच्या डोळ्यांपुढे एकामागून एक सरळ रांगेत उभी राहिली. भाला होता तिथेच राहिला, माणूस उलटा झाला, आणि बूड झालं पुढचं टोक!

"मुकादम, माणसं किती आहेत तुमच्याकडे?"

"कामावरची का कामाची?"

"छत्तीस लागतील."

"बांधायचं काय आहे?"

"बांधायचं नाही. लढायचंय."

मुकादमांनी बांबू खाली ठेवला. "कुणाशी?"

"थोरल्या सरांशी."

"एका माणसाला छत्तीस? फारच दांडगा दिसतोय."

बाईंनी मग सगळी हकिगत सांगितली. मुकादमांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना राग आला तो एकाच गोष्टीचा. "म्हणजे त्या कारकुनानं डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं, आणि यांनी त्यालाच लबाड ठरवलं? करू आपण. काम सुरू व्हायच्या आधी, सकाळी."

पहिल्या सकाळी कॉलेजमागच्या आवारात विचका झाला. छत्तीस जण एकदम फिरले, आणि बांबूचा लांब भाग आता पाठीमागे राहिला म्हणून तो पुढे घ्यायला एकदमच बांबू सारायला लागले. मागच्याचं टोक पुढच्याच्या बरगडीत, पुढच्याचं तिसऱ्याच्या कुल्ल्यात. एक जण कळवळून म्हणाला, "बाई, हे असंच असेल तर शत्रूनं यायची तसदी कशाला घ्यायची? आम्हीच उरकून टाकू की." सगळे हसले. बाईंना मात्र घाम फुटला होता. सरांनी तारीख दिली होती आणि ती चार दिवसांवर आली होती.

मुकादम पेन्सिल चावत उभे होते. मग म्हणाले, "अरे, लॉरी रिकामी करताना काय करता? खालचा बांबू ओढता का आधी? जो वर आहे तो आधी निघतो. इथंही तेच. फिरल्यावर जी रांग सगळ्यांच्या पुढं येते, तिनं आधी सारायचं. मग तिच्या मागची. आणि सारला की ओरडायचं."

ओरडायचं काय, हे सांगायची गरज नव्हती. परांचीवर बांबू वरच्याच्या हातात पोचला की खालचा म्हणतो, "गेला!" त्याशिवाय पुढचा बांबू कुणी उचलत नाही. तो शब्द त्यांच्या तोंडात मुरलेला. दुसऱ्या सकाळी सहा रांगांमधून सहा वेळा "गेला" आला, पण अडखळत. तिसऱ्या सकाळी तो असा आला की झाडावरचे कावळे उठले.

जागा सरांनीच निवडली. ग्रंथालय आणि जुन्या व्याख्यानगृहाच्या मधली झाकलेली वाट. फीत लावून स्वतः मोजली. रुंदी बरोबर सात पावलं. डोक्यावरचं छत आठ हातांवर. बारा हातांचा बांबू उभा राहायची सोयच नाही. मग शत्रू म्हणून खेळाचे शिक्षक नेमले गेले आणि शंभर पावलांवर खडूची रेघ मारली गेली.

बघायला सगळं कॉलेज लोटलं होतं. सासूबाईही आल्या होत्या. त्यांना पायरीवर खुर्ची दिली, तर म्हणाल्या, "इथून मागचं काही दिसत नाही," आणि खुर्ची उचलून थेट सरांशेजारी मांडली.

"तुम्ही कोणत्या बाजूच्या?" सरांनी विचारलं.

"मी कारकुनाच्या."

छत्तीस जण रांगेत उभे राहिले, तोंडं ग्रंथालयाच्या टोकाकडे. बाई इशाऱ्याची वाट पाहत होत्या. पण सरही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. शत्रू कधी सांगून येतो? त्यांनी खेळाच्या शिक्षकांना आधीच कानात सांगून ठेवलं होतं. इशारा झालाच नाही आणि मास्तर सुटले.

बाईंना ते दिसलं तेव्हा मास्तरांची वीस पावलं होऊन गेली होती.

"मागून आला!" बाई किंचाळल्या.

"फिरा!" मुकादमांचा आवाज.

छत्तीस बांबू कमरेच्या उंचीवर तसेच्या तसे राहिले आणि त्यांच्याखालून छत्तीस माणसं वाकून उलटी झाली. क्षणभर वाटलं, काही झालंच नाही. मग पहिल्या रांगेचा आवाज आला, "गेला!" सहा टोकं पुढे सरकली. "गेला!" आणखी सहा. "गेला! गेला!" मास्तर धावत येतायत, बुटांचा आवाज छताखाली घुमतोय. "गेला!" सासूबाई खुर्चीवरून उठलेल्या. मास्तरांची अजून पंधरा पावलं राहिली होती तेव्हा सहावा "गेला" आला, आणि समोर टोकांची भिंत उभी. मास्तरांनी दोन्ही टाचा रोवल्या, घसरले, आणि पहिल्या टोकापासून तीन हातांवर मटकन खाली बसले.

"बसा बसा मास्तर," सासूबाई ओरडल्या, "तुमच्यासाठीच सगळी तयारी होती!"

त्यावर जो काही गदारोळ झाला! मुलं बाकं बडवावीत तशी भिंती बडवायला लागली. बाईंचे मात्र डोळे सरांवर. सर घड्याळाकडे बघत होते. मग म्हणाले, "पुन्हा."

पुन्हा झालं. "पुन्हा." तिसऱ्यांदा झालं. मास्तर धापा टाकत म्हणाले, "सर, शत्रू बदला तरी." चौथ्या वेळेला सर खुर्चीतून उठले, कोट काढून सासूबाईंच्या हातात दिला आणि तिसऱ्या रांगेतल्या एकाला म्हणाले, "जरा बाजूला हो." बांबू काखेत घेतला. "फिरा" झालं. सत्तरीतला तो माणूस कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली वाकला, उलटा झाला, आणि आपली पाळी आल्यावर वर्गात ओरडावं तसा ओरडला, "गेला!"

बांबू खाली ठेवून ते मुकादमांकडे गेले. "बावीस वर्षं मी हे अशक्य म्हणून शिकवलं. माझं चुकलं कुठे, सांगाल?"

मुकादमांनी कानावरची पेन्सिल काढून परत ठेवली. "तुम्ही कवायतीची मुलं घेतलीत, साहेब. त्यांना हत्यार फिरवायला शिकवतात. आमच्या हातात हत्यार नसतं, ओझं असतं. ओझं जेवढं कमी हलवाल तेवढं बरं."

सरांनी डोक्यावरची टोपी काढली, सगळ्यांदेखत, आणि बाईंना म्हणाले, "आण ते पाचवं."

पिशवीतून पानं निघाली. सरांनी ती भिंतीवर धरली, तांबड्या रेघेच्या कडेला लिहिलं, "छापा. माझी तळटीप चुकीची आहे, तसं इथे नमूद करा," आणि खाली सही ठोकली. सहीचा शेवटचा फाटा पानाबाहेर भिंतीवर गेला. बाईंना वाकून नमस्कार करायचा होता, पण सरांनी खांदा धरून वर उचललं. "वाकायचं काम आज माझं होतं. झालं करून."

आवारात लॉरीवर बांबू चढत होते. बाई पानं छातीशी धरून धावतच आल्या.

"काय म्हणाले?" मुकादमांनी वरून विचारलं.

"छापा म्हणाले!"

छत्तीस गळ्यांतून जी आरोळी उठली ती पार फाटकापर्यंत गेली. "मग आता पायी कशाला जाता?" मुकादम म्हणाले, "सासूबाईंनाही घ्या." दोघी पुढच्या बाकावर बसल्या. मांडीवर पाचवं प्रकरण, मागे बांबूंच्या राशीवर आख्खं सैन्य. चालकाने भोंग्यावर हात ठेवला तो काढलाच नाही. लॉरी भर दुपारी, भर रस्त्यातून, दोन्हीकडची माणसं दुकानांच्या बाहेर येऊन बघत असताना, लढाईबाईंना घेऊन घराकडे निघाली.